आवाज फाटतोय? कॉम्प्युटरवर गाणी ऐकताना होणाऱ्या क्लिपिंगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

क्लिपिंग म्हणजे नेमकं होतं काय?

कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या १६ बिट फाइलमध्ये दर सेकंदाला ४४१०० आकडे असतात, डाव्या-उजव्या चॅनलचे वेगवेगळे, आणि प्रत्येक आकडा -३२७६८ ते ३२७६७ यांच्या मधेच बसायला हवा, त्याच्या पुढे लिहायला जागाच नाही. या वरच्या टोकाला ० डीबी (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं माप) फुल स्केल म्हणतात, म्हणून प्लेयरच्या मीटरवर सगळे आकडे शून्याच्या खाली, उणे दिसतात.

आता समजा ड्रमच्या एका ठोक्याला आकडे आलेत १८०००, २४०००, २९०००, ३००००, २८०००, २१००० आणि तुम्ही आवाज ६ डीबीने वाढवलात. ६ डीबी म्हणजे जवळपास दुप्पट. मग हवेत ३६०००, ४८०००, ५८०००, ६००००, ५६०००, ४२०००. यातला एकही मावत नाही, त्यामुळे सहाच्या सहा जागी ३२७६७ लिहिलं जातं. लहरीचा गोल माथा करवतीने कापल्यासारखा सपाट होतो आणि तो ठोका मूळचा कसा होता ते सांगणारी माहिती तिथेच संपते. नंतर तुम्ही व्हॉल्यूम कितीही कमी करा, सहा सारखे आकडे सहा सारखेच राहणार, फक्त लहान होणार. या पानावरचं बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पण थोडासा माथा कापला तर एवढा वाईट का वाटतो?

कारण सपाट माथा म्हणजे नवीन फ्रिक्वेन्सी. वर-खाली सारखं कापलं गेलं तर १००० हर्ट्झच्या शुद्ध टोनमधून ३०००, ५०००, ७००० असे विषम पटीतले सूर तयार होतात. अ‍ॅनालॉग अँपमध्ये पण हेच होतं, पण तिथे ते निदान मूळ सुराच्या पटीत तरी असतात. डिजिटलमध्ये अजून एक भानगड आहे, सँपल रेटच्या (दर सेकंदाला जितके आकडे, म्हणजे सँपल, त्याच्या) निम्म्याच्या वर, म्हणजे ४४१००च्या फाइलमध्ये २२०५० हर्ट्झच्या वर काही राहूच शकत नाही, त्यामुळे तिथे जाणारे सूर दुमडून खाली येतात. ५००० हर्ट्झचा टोन घ्या, त्याची नववी पट ४५०००, ती दुमडून येते ९०० हर्ट्झवर, म्हणजे मूळ सुराच्याही खाली आणि त्याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या जागी. झांजा, व्हायोलिनच्या वरच्या पट्ट्या, जोरात गाणारा आवाज, हे क्लिप झालं की जो कोरडा चरचरीत थर येतो आणि कान शिणतात, त्यात या दुमडलेल्या सुरांचा मोठा वाटा असतो.

माझ्याकडे आवाज खरखरतोय, पण ते क्लिपिंगच आहे हे कसं ओळखू?

आधी हे ओळखा, नाहीतर भलत्याच ठिकाणी दोन दिवस घालवाल.

क्लिपिंग मोठ्या आवाजाबरोबर येतं आणि तेच गाणं परत लावलं की त्याच जागी परत येतं. कोरस सुरू झाला, बेस आणि ड्रम एकत्र आले की फाटतं, मधला शांत भाग एकदम स्वच्छ. हळू आवाजातसुद्धा मधेच टिक-टिक येत असेल, दरवेळी वेगळ्या जागी, ब्राउझर उघडला की जास्त, तर ते क्लिपिंग नाही, कॉम्प्युटर वेळेवर डेटा पुरवू शकत नाहीये. तिथे प्लेयरचा बफर वाढवा, ड्रायव्हर बघा, खालचं काहीही तिथे उपयोगी पडणार नाही.

तिसरा प्रकार लॅपटॉपचे स्पीकर. ते इतके छोटे असतात की जाड बेस आला की पडदा त्याच्या मर्यादेबाहेर हलतो किंवा बॉडी थरथरते. हेडफोन लावून तोच भाग ऐका. हेडफोनमध्ये स्वच्छ असेल तर सिग्नल ठीक आहे, स्पीकरची कुवत संपली आहे. हेडफोनमध्येही फाटत असेल तर पुढे वाचा.

स्पीकरचा आवाज कमी केला तरी फाटतंच. का?

कारण स्पीकरची गोल बटणं सगळ्यात शेवटी आहेत. गाण्याचा प्रवास साधारण असा असतो: फाइल, मग डीकोडर (फाइल उलगडून आकडे काढणारा भाग), मग प्लेयरमधला इक्वलायझर आणि बाकीचे इफेक्ट, मग प्लेयरचा व्हॉल्यूम, मग ऑपरेटिंग सिस्टीमचा मिक्सर जिथे सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र होतात, मग साउंड कार्ड किंवा डॅक (आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारं उपकरण), मग अँप आणि स्पीकर. माथा जिथे कापला गेला त्याच्या नंतर कुठेही आवाज कमी केला तर तुम्हाला फक्त हळू आवाजातलं फाटलेलं गाणं मिळतं.

म्हणून नियम साधा आहे, कमी करायचं ते आधी, वाढवायचं ते शेवटी. प्लेयरमध्ये जागा सोडा आणि कमी झालेला आवाज अँपवर किंवा पॉवर्ड स्पीकरच्या बटणावर भरून काढा. खूप जण बरोब्बर उलटं करतात, स्पीकरचं बटण पाव भागावर आणि प्लेयर, सिस्टीम, इक्वलायझर सगळं टोकाला, आणि मग दोष स्पीकरला देतात.

पण आजकाल सगळं फ्लोटिंग पॉइंटमध्ये चालतं ना, मग क्लिपिंग होतंच कसं?

चांगला प्रश्न, आणि अर्धा खरा. फ्लोटिंग पॉइंट, थोडक्यात फ्लोट, म्हणजे पूर्णांकांऐवजी दशांश आकडे. ३२ बिट फ्लोटमध्ये १.० म्हणजे फुल स्केल, पण त्याच्यावर १.५, २, १० असे आकडेही सुखाने लिहिता येतात, काही कापलं जात नाही. विंडोज विस्टापासून विंडोजचा मिक्सर फ्लोटमध्येच चालतो, मॅकचा कोअर ऑडिओही तसाच, आणि बरेचसे चांगले प्लेयर आतून फ्लोट किंवा त्याहून मोठं गणित वापरतात. त्यामुळे इक्वलायझरने १.६ केलं आणि पुढे व्हॉल्यूमने ते ०.८ वर आणलं तर काहीच बिघडत नाही.

अडचण अशी की डॅकला शेवटी पूर्णांकच द्यावे लागतात आणि त्या वळणावर १.० च्या वरचं सगळं कापलं जातं. शिवाय मधे एखादा प्लगइन, एखादा जुना डीकोडर, एखादं व्हर्च्युअल केबल सॉफ्टवेअर १६ बिटमध्ये काम करत असेल तर तिथेच कापलं जातं आणि पुढचं फ्लोट काही कामाचं नाही. तेव्हा फ्लोट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याचा फायदा एवढाच की चूक सुधारायला शेवटच्या वळणापर्यंत संधी मिळते.

मग किती डीबी कमी ठेवू?

नुसतं गाणं, इक्वलायझर नाही, इफेक्ट नाही, तर प्लेयरमध्ये ३ डीबी कमी पुष्कळ. इक्वलायझर असेल तर त्याच्यापुरतं वेगळं, ते खाली सांगतो.

एक लक्षात ठेवा, स्लायडरवरचे टक्के आणि डीबी यांचं नातं प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगळं असतं, ५० टक्के म्हणजे -६ डीबी असं धरून चालू नका. विंडोजच्या जुन्या साउंड पॅनलमध्ये डिव्हाइसच्या प्रॉपर्टीज उघडून लेव्हल्स टॅबवर जा, आकड्याच्या चौकटीवर राइट क्लिक केलं की डेसिबल निवडता येतं आणि मग खरा आकडा दिसतो. फूबार २००० सारख्या प्लेयरमध्ये व्हॉल्यूम सरळ डीबीतच दाखवतात, ते फार सोयीचं पडतं.

इक्वलायझर लावला की फाटतं. इक्वलायझर वापरूच नये का?

वापरा की, बिनधास्त वापरा. फक्त प्रीअँप खाली घ्या.

जवळपास प्रत्येक इक्वलायझरमध्ये बँडच्या डाव्या बाजूला प्रीअँप नावाची एक पट्टी असते आणि बहुतेक लोक तिच्याकडे बघतही नाहीत किंवा, त्याहून वाईट, आवाज मोठा होतो म्हणून तीच वर ढकलतात. तिचं खरं काम उलटं आहे. सगळ्यात उंच बँड जितका वर तितकी प्रीअँप खाली. बेस ५ डीबी वर, बाकी सगळे शून्यावर, तर प्रीअँप -५. मग बेस मूळच्याच पातळीला राहतो आणि बाकीचं ५ डीबीने खाली जातं, ऐकायला फरक तोच, फाटण्याचा धोका बहुतेक संपला. पहिल्या क्षणी आवाज कमी झाल्यासारखा वाटतो, अँप वाढवा आणि मग ठरवा.

इथे एक बारीक गोष्ट आहे. शेजारशेजारचे बँड एकमेकांवर चढतात. ६० हर्ट्झला ५ आणि १०० हर्ट्झला ५ दिलंत तर दोघांच्या मधे कुठेतरी उंची ५ पेक्षा बरीच जास्त होते, बँड रुंद असतील तर आणखीनच. त्यामुळे सगळ्यात उंच स्लायडर बघून भागत नाही, एकूण वक्राचा सगळ्यात उंच बिंदू बघावा लागतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगरेशन एडिटरमध्ये खाली आलेख दिसतो आणि पीक गेनचा, म्हणजे त्याच उंच बिंदूचा, आकडाही दिसतो, तो शून्याच्या वर गेला की लाल होतो. तो शून्यावर किंवा खाली येईपर्यंत प्रीअँप कमी करत राहा. एवढं केलंत तर इक्वलायझरचं ९० टक्के दुखणं गेलं म्हणून समजा.

हेडफोनसाठी तयार मिळणारे करेक्शनचे वक्र असतात त्यात प्रीअँपचा आकडा बहुतेक वेळा दिलेला असतो, -६ किंवा -७ असा काहीतरी. लोक फिल्टर भरतात आणि ती पहिली ओळ गाळतात, कारण आवाज हळू होतो. गाळू नका, तो आकडा तिथे उगाच नसतो.

मी फक्त कमी करतो, एकही बँड वर नाही. तरी मीटर शून्याच्या वर?

हो, होऊ शकतं, आणि हे ऐकून खूप जणांचा विश्वास बसत नाही. मास्टरिंगमध्ये (स्टुडिओतल्या शेवटच्या टप्प्यात) आधीच दाबून सपाट केलेल्या गाण्याची लहर चौकोनी लहरीच्या जवळ गेलेली असते. पूर्ण फुल स्केलची चौकोनी लहर घ्या, तिच्यातला मूळ सूर एकट्याने १.२७ पट उंच असतो, म्हणजे २.१ डीबी वर, आणि वरचे विषम सूर त्याला खाली दाबून सपाट ठेवत असतात. तुम्ही ट्रेबल कमी केलात की ते दाबणारे सूर गेले, आणि माथा वर उसळला. फिल्टरमुळे फेज, म्हणजे सुरांची एकमेकांच्या तुलनेतली वेळ, सरकली तरी असंच होतं, बेस कापणाऱ्या साध्या हाय पास फिल्टरनेसुद्धा. म्हणून वक्राच्या हिशोबाच्या वर अजून २-३ डीबी जागा ठेवायची सवय चांगली.

सीडीवरून केलेली फ्लॅक (काही न गाळता जपणारी) फाइल ठीक वाजते, तिचीच एमपी३ क्लिप दाखवते. एमपी३ खराब बनली का?

खराब नाही बनली. एमपी३ किंवा एएसी करताना कानाला न जाणवणारे तपशील टाकून दिले जातात, त्यामुळे परत उलगडलेली लहर मूळच्यासारखी ऐकू आली तरी आकड्यांनी तशीच्या तशी नसते, काही माथे खाली जातात काही वर. मूळ गाणं आधीच शून्याला टेकलेलं असेल तर हे वर गेलेले माथे १ डीबी, कधी २ डीबी बाहेर जातात. बिटरेट जितका कमी तितकं हे जास्त.

आनंदाची बाब अशी की एमपी३ फाइलमध्ये ते माथे शाबूत असतात, कापले जातात ते डीकोड करून १६ बिट पूर्णांकात ओतताना. फ्लोटमध्ये उलगडणारा प्लेयर घ्या, त्याच्यात २-३ डीबी कमी करा, सगळं परत सुरक्षित.

रिप्लेगेन म्हणजे काय? ते लावू का?

लावा. क्लिपिंगसाठी एकच गोष्ट करायची असेल तर मी हीच सांगेन.

२००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी हे सुचवलं. प्रोग्राम प्रत्येक गाणं पूर्ण स्कॅन करतो, ते कानाला किती मोठं वाटेल याचा अंदाज काढतो, आणि फाइलच्या टॅगमध्ये दोन गोष्टी लिहितो, गेन म्हणजे किती डीबी कमी-जास्त करायचं, आणि पीक म्हणजे सगळ्यात उंच माथा किती. गाण्याच्या मूळ डेटाला हात लागत नाही. लक्ष्य होतं ८९ डीबी, नव्या रिप्लेगेन २.० मध्ये मोजणी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या लाउडनेस पद्धतीने होते आणि लक्ष्य -१८ लफ्स (कानाला वाटणारा मोठेपणा मोजायचं एकक) आहे.

याचा क्लिपिंगशी संबंध असा. गेल्या काही दशकांत गाणी एकमेकांपेक्षा मोठी वाजावीत म्हणून दाबून दाबून टोकाला नेली गेलीत, अशा गाण्याला रिप्लेगेन -८, -९ डीबी असा गेन देतं. म्हणजे न मागता ८-९ डीबीची जागा मिळाली, त्यात इक्वलायझर आरामात मावतो. आणि एका गाण्यानंतर दुसरं अंगावर येतं तेही थांबतं.

धोका उलट्या बाजूला आहे. हळुवार रेकॉर्डिंग असेल, एकट्या तंबोऱ्यावरचं संथ गाणं समजा, तर गेन +५ येऊ शकतो. त्याचा पीक ०.९ असेल तर वर जागा आहे फक्त ०.९ डीबी, ५ डीबी वाढवलं की फाटणार. म्हणून सेटिंगमध्ये नुसता गेन निवडू नका, पीक बघून क्लिपिंग टाळा असा जो पर्याय असतो तो निवडा, मग प्लेयर स्वतःच +५ ऐवजी +०.९ वर थांबतो. एमपीव्ही प्लेयर रिप्लेगेन चालू केल्यावर हे आपणहून करतो. फूबार २००० मध्ये टॅग असलेल्या आणि नसलेल्या फाइलींसाठी दोन वेगळे प्रीअँप आहेत, नसलेल्यांसाठी -६ ते -८ ठेवा, नाहीतर मधेच एखादी टॅग नसलेली फाइल आली की दचकायला होतं.

ट्रॅक की अल्बम? सगळं मिसळून ऐकत असाल तर ट्रॅक, पूर्ण अल्बम सलग ऐकत असाल तर अल्बम, कारण अल्बममधलं हळू गाणं हळूच राहायला हवं.

एमपी३गेन तेच करतं का?

नाही. ते एमपी३ फाइलच्या आतला गेनचा आकडाच बदलतं, १.५ डीबीच्या टप्प्यात. परत डीकोड-एन्कोड होत नाही म्हणून दर्जा जात नाही आणि बदल उलटवताही येतो. जो प्लेयर रिप्लेगेन वाचत नाही त्याच्यासाठी उपयोगी, नाहीतर टॅगवालाच मार्ग बरा.

विंडोजमध्ये काय काय तपासू?

पहिलं, साउंड डिव्हाइसच्या सेटिंगमधली ऑडिओ एनहान्समेंट्स बंद करा. बेस बूस्ट, लाउडनेस इक्वलायझेशन, व्हर्च्युअल सराउंड, आणि लॅपटॉप कंपन्यांनी आधीच घालून ठेवलेली साउंड सुधारण्याची अ‍ॅप्स. ही सगळी आवाज वाढवतात आणि तुम्ही प्लेयरमध्ये सोडलेली जागा गुपचूप खाऊन टाकतात. एका वेळी एक बंद करून ऐका म्हणजे कोण करतंय ते कळेल.

दुसरं, विंडोजच्या मिक्सरच्या शेवटी एक लिमिटर बसलेला आहे. सगळ्यांची बेरीज फुल स्केलच्या पुढे जायला लागली की तो आवाज दाबतो. त्यामुळे विंडोजवर कित्येकदा खरखर ऐकू येत नाही, पण ठोक्याबरोबर सगळं गाणं आत-बाहेर होतंय, जीव गेल्यासारखं वाजतंय असं वाटतं. तोही जागा कमी पडल्याचाच परिणाम, आणि उपायही तोच. इथे मुख्य व्हॉल्यूमपेक्षा प्लेयरचा व्हॉल्यूम कमी करा, कारण मुख्य व्हॉल्यूम पुष्कळदा हार्डवेअरमध्ये, म्हणजे मिक्सरच्या नंतर लागतो, प्लेयरचा मात्र नक्की आधी.

तिसरं, आउटपुट फॉरमॅट २४ बिट ठेवा. कारण खाली येतंय.

एक्सक्लुझिव्ह मोड किंवा एसिओ वापरला तर सुटतो ना या सगळ्यातून?

या दोन्हींत प्लेयर विंडोजचा मिक्सर टाळून थेट साउंड कार्डाशी बोलतो. मिक्सरमधून सुटता, क्लिपिंगमधून नाही. तो लिमिटरही बायपास होतो, म्हणजे प्लेयरने १.० च्या वर काही पाठवलं तर ते सरळ कापलं जाणार. एक्सक्लुझिव्ह मोडवाल्यांनी प्लेयरमधल्या जागेची जास्तच काळजी घ्यावी.

लिनक्स आणि मॅक?

लिनक्सवर पल्स ऑडिओ आणि पाइपवायरचे मिक्सर १०० टक्क्यांच्या पुढे नेऊ देतात, पल्सच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये १५३ टक्के म्हणजे +११ डीबी. १०० च्या वर काहीही ठेवू नका, आणि प्रत्येक प्रोग्रामचा स्लायडर वेगळा असतो, मुख्य १०० वर असला तरी प्लेयरचा १४० वर असू शकतो, तो टॅब उघडून बघा. अल्सामिक्सरमध्ये पट्टी निवडली की वर डीबी गेन दिसतो, काही कार्डांवर पट्टी टोकाला नेली की तो शून्याच्या पुढे जातो, तिथे ०.०० वर आणून ठेवा.

मॅकवर म्युझिक अ‍ॅपमधलं साउंड एनहान्सर बंद, साउंड चेक चालू, इक्वलायझर वापरत असाल तर त्याचा प्रीअँप खाली. बस.

व्हीएलसीमध्ये १२५ टक्के का आहे मग?

हळू रेकॉर्ड झालेल्या व्हिडिओंसाठी. गाण्यांसाठी १०० च्या वर जाऊ नका. एमपीव्हीही असाच १३० पर्यंत जातो. ब्राउझरमध्ये ६०० टक्के आवाज देणारी एक्स्टेंशन्स मिळतात, ती तर काढूनच टाका.

डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की बिट जातात आणि दर्जा उतरतो असं ऐकलंय.

जातात, पण हिशोब करून बघा. साधारण ६ डीबीला एक बिट. १२ डीबी कमी केलं तर २ बिट. १६ बिटची झेप, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डीबी, ती ८४ वर येईल, म्हणून आउटपुट २४ बिट ठेवा असं वर सांगितलं. २४ बिटची कागदावरची झेप १४४ डीबी, त्यातून १२ गेले तरी १३२ उरले, आणि चांगले डॅकही प्रत्यक्षात साधारण १२० च्या आसपास असतात. म्हणजे गेलेले बिट डॅकच्या स्वतःच्या मंद सरसरीखालीच (नॉइज) होते. या भीतीपोटी सगळं १०० टक्क्यांवर ठेवायचं आणि ऐकू येणारं फाटणं सहन करायचं हा सौदा चुकीचा आहे, आणि हा गैरसमज जावा असं मला मनापासून वाटतं.

लिमिटर लावून टाकला तर?

शेवटची जाळी म्हणून ठेवायला हरकत नाही. फूबारमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड लिमिटर आहे, साखळीत सगळ्यात शेवटी ठेवा. पण तो सारखा काम करत असेल तर तुम्ही ठोक्यांचा जोर कमी करून ऐकताय. जागा नीट सोडली असेल तर लिमिटरला दिवसभर काही काम पडता कामा नये.

एकही सँपल शून्याला टेकत नाही, तरी डॅक क्लिप होतो म्हणतात. ते कसं?

सँपल म्हणजे लहरीवरचे ठिपके, लहर त्यांच्या मधून जाते आणि तिचा माथा दोन ठिपक्यांच्या मधे असू शकतो. टोकाचं उदाहरण, ४४१०० च्या फाइलमध्ये ११०२५ हर्ट्झचा टोन, एका आवर्तनात फक्त चार ठिपके. ते चारही माथ्याच्या आजूबाजूला पडले तर प्रत्येकाची उंची माथ्याच्या ०.७०७ पट. आता कोणी ठिपके बघून फाइल टोकापर्यंत वाढवली तर खरा माथा १.४१४ वर, म्हणजे ३ डीबी बाहेर. डॅकच्या आतला ओव्हरसँपलिंग फिल्टर जेव्हा मधले बिंदू काढतो तेव्हा त्याच्याकडे वर जागा नसेल तर तो तिथेच क्लिप होतो. ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झला रीसँपल करतानाही नेमकं हेच होतं. हे माथे मोजायला आयटीयूच्या बीएस १७७० मध्ये ट्रू पीकची पद्धत आहे, आणि युरोपच्या आर १२८ शिफारशीत कमाल मर्यादा -१ डीबी ट्रू पीक धरली आहे ती याचसाठी. आपल्यासाठी उपाय तोच, प्लेयरमध्ये ३ डीबी.

५.१ चा (सहा चॅनलचा सराउंड) ट्रॅक दोन स्पीकरवर ऐकताना का फाटतो?

सगळे चॅनल दोनांत ओतले जातात म्हणून. डावा पूर्ण, अधिक मधला ०.७०७, अधिक मागचा डावा ०.७०७, सगळे एकदम टोकाला असतील तर बेरीज २.४१, म्हणजे ७.७ डीबी वर. प्रत्यक्षात एवढं क्वचित होतं, पण अ‍ॅक्शनच्या जागी ४-५ डीबी सहज. डाउनमिक्स, म्हणजे ही एकत्र केलेली बेरीज, नॉर्मलाइझ करण्याचा पर्याय असेल तर चालू करा.

स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर माझ्या हातात काय आहे?

व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन चालू ठेवा आणि पातळी नॉर्मल किंवा क्वायट निवडा. नॉर्मल -१४ लफ्सला धरून चालतं, लाउड निवडलंत तर -११ आणि वर लिमिटर. सिस्टीमवर इक्वलायझर लावणार असाल तर क्वायटच घ्या.

फाइलच क्लिप झालेली असेल तर कसं कळणार, आणि दुरुस्त होते का?

ऑडॅसिटीत उघडा, व्ह्यू मेनूमधून क्लिपिंग दाखवा चालू करा, संशयाच्या जागी लाल उभ्या रेघा येतील. रेघ दिसली म्हणून लगेच निकाल देऊ नका. ठिपके वेगळे दिसेपर्यंत झूम करा. एकटाच ठिपका टोकाला असेल तर तो नुसता उंच माथा असू शकतो, सलग चार-पाच-दहा ठिपके एका रेषेत सपाट असतील तर कापलंय. आणि उलटही बघा, खूप गाणी स्टुडिओतच क्लिप करून मग थोडी खाली आणलेली असतात, तिथे -०.३ डीबीवर सपाट पठारं असतात पण लाल रेघ एकही नाही.

दुरुस्ती म्हणजे अंदाज. ऑडॅसिटीचं क्लिप फिक्स किंवा आयझोटोप आरएक्सचं डीक्लिप आजूबाजूची लहर बघून हरवलेला माथा कसा असेल ते रेखाटतं. तीन-चार सँपल गेले असतील तर छान जमतं, लांब पठारं असतील तर नाही. डीक्लिप करायच्या आधी गेन ६ डीबी तरी खाली घ्या, नवीन माथ्याला वर जागा लागते. तेच गाणं जुन्या सीडीवर कमी दाबलेलं मिळत असेल तर ते घेणं कधीही उत्तम.

क्लिपिंगने स्पीकर जळतो का?

स्पीकर जळतो तो जास्त पॉवरने. पण क्लिप झालेल्या सिग्नलची सरासरी पॉवर त्याच माथ्याच्या स्वच्छ सिग्नलपेक्षा जास्त असते आणि वरच्या पट्टीत जादा ऊर्जा येते, ती नाजूक ट्वीटरकडे जाते. हळू आवाजात डिजिटल क्लिपिंग झालं तर कानाला त्रास, स्पीकरला नाही. मोठ्या आवाजात तासन्‌तास तसंच चालू ठेवलं तर ट्वीटरला धोका आहे.

ब्लूटूथवर वेगळं काही?

तिथे गाणं परत एकदा लॉसी (तपशील गाळणाऱ्या) कोडेकमधून जातं, म्हणजे एमपी३वाली गोष्ट परत. प्लेयर २-३ डीबी खाली, हेडफोनचा व्हॉल्यूम वर.

सगळं केलं. आता खरंच क्लिप होत नाहीये हे तपासू कसं?

ऑडॅसिटीत १००० हर्ट्झचा साइन टोन बनवा, उंची ०.८, डब्ल्यूएव्ही म्हणून सेव्ह करा. हेडफोन कानावरून काढा आणि स्पीकर हळू करा, हा टोन कानाला बोचतो. तुमच्या नेहमीच्या प्लेयरमध्ये, नेहमीचा इक्वलायझर आणि व्हॉल्यूम तसाच ठेवून तो वाजवा. विंडोजवर ऑडॅसिटीत होस्ट म्हणून वासापी (विंडोजची ऑडिओ प्रणाली) निवडलं की रेकॉर्डिंगच्या यादीत तुमच्या स्पीकरचं लूपबॅक (स्पीकरकडे जाणारा आवाजच परत रेकॉर्ड करायची सोय) दिसतं, ते निवडून दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि प्लॉट स्पेक्ट्रम बघा. १००० वर एकच उंच टोक हवं. ३००० आणि ५००० वरही टोकं उभी असतील तर कुठेतरी माथा कापला जातोय. मग इक्वलायझर बंद करून परत, एनहान्समेंट बंद करून परत, प्लेयर ६ डीबी खाली घेऊन परत, ज्या बदलाला ती टोकं गेली तिथेच दोष आहे. इक्वलायझरमध्ये बेस वाढवला असेल तर तोच प्रयोग ६० हर्ट्झच्या टोनने करा, कारण १००० हर्ट्झवर तुमचा बेसचा बँड कामच करत नसतो आणि सगळं आलबेल दिसतं. ६० ला टोकं १८० आणि ३०० वर शोधायची.